तीस, पन्नास, ऐंशी : वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्क आणि देशोदेशींचे कायदे

मोटार चालवणाऱ्याच्या रक्तात मद्यार्क किती असला म्हणजे गुन्हा होतो, हे कायद्यात थेट आकड्याने लिहिणारा पहिला देश नॉर्वे होय. १९३६ साली त्याने ही मर्यादा दर हजार भागांस अर्धा भाग, म्हणजे आजच्या भारतीय परिभाषेत १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम, अशी ठरवली. तोवर बहुतेक देशांत खटल्याचा मुद्दा वेगळा असे. आरोपी नशेत होता काय आणि त्या नशेमुळे वाहनावर ताबा ठेवण्यास तो असमर्थ झाला होता काय, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागे. त्यासाठी पोलिसाने पाहिलेली अडखळती चाल, डॉक्टरने नोंदवलेला तोंडाचा वास आणि विस्फारलेल्या बाहुल्या, सरळ रेषेवर चालून दाखवण्याची परीक्षा असा पुरावा पुढे येई, आणि सराईत पिणारा माणूस त्यातून सहज सुटत असे. ब्रिटनचा १९३० चा रस्ते वाहतूक कायदा आणि त्याच्या धर्तीवर भारतात आलेला १९३९ चा मोटार वाहन कायदा या दोहोंचा पाया असमर्थतेची हीच कसोटी होता. नॉर्वेने हा प्रश्नच बदलला. चालक प्रत्यक्षात किती बिघडला होता याची चौकशी न करता, ठरलेल्या प्रमाणाहून अधिक मद्यार्क रक्तात घेऊन वाहन चालवणे हाच गुन्हा, अशी मांडणी तेथे झाली. अशा मर्यादेला या लेखात ‘स्वयंसिद्ध मर्यादा’ म्हटले आहे, कारण ती ओलांडल्याचे सिद्ध झाले की गुन्हा सिद्ध होतो आणि नशेचा वेगळा पुरावा लागत नाही.

गेल्या नव्वद वर्षांत ही मांडणी जगभर पसरली, पण आकडा मात्र सर्वत्र एकच राहिला नाही. आज तो इंग्लंड आणि वेल्समध्ये ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये ५०, भारतात ३०, स्वीडन, नॉर्वे आणि पोलंडमध्ये २०, तर चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी येथे शून्य. मानवी शरीर सर्वत्र सारखेच असताना हा फरक का पडतो, हा पहिला प्रश्न आहे. आणि आकडा खाली आणल्याने रस्त्यावरचे मृत्यू खरोखर कमी होतात काय, हा दुसरा. प्रस्तुत विवेचनाचा कल असा आहे की आकडा एका देशातून दुसऱ्या देशात सहज नेता येतो, परंतु तो विश्वासाने मोजण्याची व्यवस्था आणि पकडले जाण्याची खात्री तशी नेता येत नाही, आणि कायद्याचा परिणाम मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतो.

मोजण्याची गोष्ट आधी घ्यावी लागते, कारण मोजता येऊ लागल्यावरच मर्यादा शक्य झाली. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक विडमार्क यांनी १९२२ साली बोटाच्या टोकातून घेतलेल्या काही थेंब रक्तातून मद्यार्काचे प्रमाण काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९३२ च्या ग्रंथात प्यालेली दारू, शरीराचे वजन व रक्तातील प्रमाण यांचे गणित मांडले. मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो आणि चरबीत जवळजवळ पसरत नाही. म्हणून वजनाला एका गुणकाने गुणावे लागते, जो पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरला जातो. भारतीय बाजारातील व्हिस्की किंवा रम साधारणतः ४२.८ टक्के मद्यार्काची असते, त्यामुळे ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाने तो उपाशीपोटी एकदम घेतला तर या गणितानुसार रक्तातील प्रमाण २५ मिलिग्रॅमच्या आसपास जाते, आणि पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात तोच पेग सुमारे ३७ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे भारतीय मर्यादा एका लहान पेगाच्या आगेमागे आहे, आणि ‘दोन पेगांनी काही होत नाही’ या समजुतीला या कायद्यात जागा नाही. यकृत ताशी सर्वसाधारणपणे १० ते २० मिलिग्रॅम या गतीने मद्यार्काचा निचरा करते. ती गती काळ्या कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. त्यामुळे रात्री एक वाजता १५० मिलिग्रॅमवर असलेला माणूस झोप काढून सकाळी सातला गाडी काढतो तेव्हा त्याच्या रक्तात ६० मिलिग्रॅम, म्हणजे भारतीय मर्यादेच्या दुप्पट, मद्यार्क उरलेला असू शकतो. सकाळच्या या चालकाकडे नाकाबंदीचे लक्ष फारच थोडे असते.

निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवताना एककांचा गोंधळ टाळावा लागतो. भारत आणि ब्रिटन १०० मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅम मोजतात, अमेरिका तेच शेकडेवारीत लिहिते (०.०८ टक्के म्हणजे ८० मिलिग्रॅम), फ्रान्स एक लिटर रक्तातील ग्रॅम धरतो, आणि जर्मनी व स्वीडन एक किलो रक्तातील ग्रॅम. रक्त पाण्याहून किंचित जड असल्याने जर्मनीतील ‘अर्धा प्रति हजार’ हा फ्रान्समधील अर्ध्या ग्रॅमहून काकणभर सैल ठरतो. श्वासावरून रक्ताचे प्रमाण काढताना आणखी एक गृहीत आत येते. फुप्फुसातून येणाऱ्या हवेत आणि रक्तात मद्यार्काचे ठरावीक गुणोत्तर असते असे मानले जाते, पण ते गुणोत्तर अमेरिका २१०० धरते, ब्रिटन २३०० धरते, तर फ्रान्सच्या मर्यादांतून ते २००० निघते. प्रत्यक्षात ते माणसागणिक आणि पिण्यानंतर गेलेल्या वेळेनुसार बदलते. या अडचणीतून सुटण्यासाठी ब्रिटनने श्वासाची स्वतंत्र मर्यादाच कायद्यात लिहिली आहे (इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम), त्यामुळे तेथे श्वासाचे रक्तात रूपांतर करण्यावर वाद होत नाही. भारतीय कायदा मात्र मर्यादा रक्ताची सांगतो आणि मोजणी श्वासाची करू देतो.

अमेरिकेतील आकड्याचा प्रवास आजच्या वाचकाला विस्मयकारक वाटेल. इंडियाना राज्याने १९३९ साली केलेल्या कायद्यात १५० मिलिग्रॅमच्या वर गेलेला चालक नशेत होता असे गृहीत धरले जाई आणि ५० च्या खाली असलेला नशेत नव्हता असे. मधल्या पट्ट्यात इतर पुरावा पाहिला जाई. ही रचना अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि नॅशनल सेफ्टी कौन्सिल यांच्या शिफारशीवर आधारलेली होती, आणि ज्यांच्या नशेबद्दल कोणालाच शंका राहणार नाही अशांनाच पकडावे हा तिच्यामागचा सावध विचार होता. याच इंडियानातील पोलीस अधिकारी आणि पुढे प्राध्यापक झालेले रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४ साली ब्रेथलायझर हे सुटसुटीत श्वासयंत्र बनवले, आणि त्याच्या साहाय्याने मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरात एक मोठे सर्वेक्षण केले. अपघातात सापडलेल्या सुमारे सहा हजार चालकांची तुलना त्याच ठिकाणी, तशाच वेळी, अपघाताविना जाणाऱ्या साडेसात हजारांहून अधिक चालकांशी त्यात करण्यात आली, आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८० मिलिग्रॅमच्या पुढे अपघाताचा धोका झपाट्याने चढत होता. ब्रिटनने १९६७ मध्ये ८० हा आकडा घेतला त्यामागे हे संशोधन होते.

या सर्वेक्षणात एक विचित्र गोष्टही दिसली. अगदी थोडी दारू प्यालेल्या चालकांचा धोका मुळीच न प्यालेल्यांहून कमी असल्याचा भास आकड्यांत होत होता. पुढील अभ्यासकांनी वय, वाहन चालवण्याचा सराव, प्रवासाची वेळ इत्यादी गोष्टींचा हिशेब काटेकोरपणे केला तेव्हा तो भास विरला. फ्लॉरिडा आणि कॅलिफोर्नियातील दोन शहरांत याच रीतीने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० मिलिग्रॅमवर धोका सुमारे १.४ पट, ८० वर सुमारे २.७ पट, १०० वर जवळजवळ पाचपट आणि १५० वर वीसपटीहून अधिक आढळला. या चढत्या रेषेत ‘येथवर सुरक्षित, येथून पुढे धोकादायक’ अशी कोणतीही पायरी नाही, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. विज्ञान रेषा काढून देते. तिच्यावर खूण कोठे करायची हे विधिमंडळ ठरवते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर किती धोका लादणे समाजाला चालेल, हा नीतीचा निर्णय आहे, आणि आकड्यांच्या विविधतेचे मूळ कारण तेच आहे.

हा निर्णय समाजागणिक किती बदलतो हे यूटा राज्यावरून दिसते. अमेरिकन संघराज्यात वाहतूक नियम राज्यांच्या हाती असल्याने केंद्राने २००० साली महामार्गांच्या निधीचा दाब वापरला, आणि २००४ पर्यंत सर्व राज्यांनी ८० ची मर्यादा स्वीकारणारे कायदे केले. १९८३ साली ८० वर येणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी एक असलेल्या यूटाने २०१७ मध्ये कायदा करून ३० डिसेंबर २०१८ पासून ती ५० वर आणली, आणि आजवर अमेरिकेत सर्वांत कडक मर्यादा त्याचीच आहे. येथे ज्या मॉर्मन पंथाचा मोठा प्रभाव आहे तो पंथ मद्य वर्ज्य मानतो. दारूच्या व्यवसायाचा आणि रोजच्या पिणाऱ्यांचा विरोध तेथे जितका दुबळा होता तितका इतर राज्यांत नाही. तरीही परिणामाकडे दुर्लक्ष करता येत नाही. संघराज्याच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या पाहणीनुसार २०१६ ते २०१९ या काळात यूटातील प्राणघातक अपघातांचे, धावलेल्या मैलांच्या हिशेबाने मोजलेले, प्रमाण जवळजवळ २० टक्क्यांनी घटले, तर उर्वरित देशात ते सहा टक्क्यांहूनही कमी घटले. आणि पिणाऱ्यांपैकी पाचांतील एकाहून अधिक जणांनी कायद्यामुळे सवय बदलल्याचे सांगितले.

युरोपात एका देशाच्या पोटात दोन मर्यादा असण्याचा प्रसंग जर्मनीत आला. पूर्व जर्मनीत चालकासाठी मद्यार्क पूर्णतः निषिद्ध होता, पश्चिम जर्मनीत १९७३ पासून ८० च्या आसपासची मर्यादा होती. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, सैन्ये आणि चलने एक झाली, पण हा आकडा लगेच एक करता आला नाही. पूर्वेकडील राज्यांत शून्य मर्यादा १९९२ अखेरपर्यंत चालू राहिली, आणि त्यानंतर एकीकरण झाले ते वरच्या आकड्यावर. म्हणजे सॅक्सनीतील चालकाला १९९३ च्या आरंभी जे नवे स्वातंत्र्य मिळाले त्यात पिऊन गाडी चालवण्याचीही थोडी मोकळीक होती. सर्व जर्मनी ५० वर आली ती १९९८ मध्ये, आणि एकवीस वर्षांखालील तसेच नवशिक्या चालकांसाठी शून्य मर्यादा २००७ मध्ये परत आली. सुरक्षेचा कडक नियम गेला आणि पुन्हा आणावा लागला, यातील मधली वर्षे कोणा जर्मन कुटुंबांना किती महाग पडली याचा विचार मनाला अस्वस्थ करतो.

शून्य मर्यादेचे आकर्षण नैतिक स्पष्टतेत आहे, पण मोजणाऱ्या यंत्राला शून्य कळत नाही. प्रत्येक यंत्राला चूक असते, खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो, आंबू लागलेल्या फळांच्या रसातही तो थोडा असतो. रशियाने २०१० साली पूर्ण शून्य लागू केले आणि २०१३ मध्ये श्वासाच्या लिटरमागे ०.१६ मिलिग्रॅमची सूट कायद्यात परत घातली, ती याच अडचणीमुळे. स्वीडनने १९४१ मध्ये ८०, १९५७ मध्ये ५० आणि १९९० मध्ये २० अशा पायऱ्यांनी जो आकडा गाठला तो व्यवहारातले शून्यच आहे, आणि ते अधिक प्रामाणिक शून्य म्हणावे लागेल, कारण निरपराध माणसाला यंत्राच्या चुकीपासून वाचवण्याची जागा त्यात ठेवलेली आहे.

आकडा खाली आणला की मृत्यू घटतातच, असे मानणाऱ्यांना स्कॉटलंडचा अनुभव नीट पाहावा लागेल. ५ डिसेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडने मर्यादा ८० वरून ५० वर आणली आणि शेजारचे इंग्लंड व वेल्स ८० वरच राहिले. संशोधकाला अशी शेजारी-शेजारी तुलना क्वचितच मिळते. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी केलेला आणि लॅन्सेट या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की पहिल्या दोन वर्षांत स्कॉटलंडमधील रस्ते अपघात या बदलामुळे घटल्याचे दिसले नाही. मद्यालयांतील विक्री तेवढी किंचित घटली. संशोधकांनी दाखवलेले एक संभाव्य कारण असे की नव्या मर्यादेच्या जोडीला पुरेशा श्वासचाचण्या झाल्या नाहीत. ब्रिटिश पोलीस कोणतेही वाहन थांबवू शकतात, परंतु श्वासचाचणी घेण्यासाठी मद्याचा संशय, वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात यांपैकी काही तरी निमित्त लागते.

पकडले जाण्याची खात्री नसली की काय होते, हे ब्रिटनमध्ये १९६७ नंतरही दिसले होते. बार्बरा कॅसल यांच्या मंत्रिपदाच्या काळात आलेल्या कायद्याने ८० ची मर्यादा आणि रस्त्यावरची श्वासचाचणी एकदम आणली, आणि आठवड्याअखेरीच्या रात्रींचे गंभीर अपघात काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी दाखवून दिले की ही घट टिकली नाही. प्रसिद्धीमुळे लोकांनी पकडले जाण्याची शक्यता फार मोठी मानली होती, ती प्रत्यक्षात लहान आहे हे अनुभवाने कळत गेले, आणि अपघात पुन्हा जुन्या पातळीकडे सरकले. रॉस यांच्या लेखनाचा गाभा असा की शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची खात्री आणि तत्परता माणसाला अधिक आवरते.

ऑस्ट्रेलियाने हे ओळखून वेगळा मार्ग धरला. व्हिक्टोरिया राज्याने १९७६ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून संशयाची अट काढून टाकून कोणत्याही चालकाला कोठेही थांबवून श्वास तपासण्याचा अधिकार पोलिसांना दिला. न्यू साउथ वेल्सने मर्यादा ५० वर आणली होती ती दोन वर्षे आधी, डिसेंबर १९८० मध्ये. मृत्यूंच्या आलेखातली ठळक घसरण मात्र नाक्यानाक्यावरच्या चाचण्या सुरू झाल्यावर आली, आणि त्या आजही दरवर्षी लाखोंच्या संख्येने होतात. कॅनडात फौजदारी मर्यादा संघराज्याची आणि ८० ची आहे, पण परवान्याचा अधिकार प्रांतांचा असल्याने ब्रिटिश कोलंबियाने २०१० पासून ५० वरच चालकाचा परवाना रस्त्यातच निलंबित करून गाडी ताब्यात घेण्याची पद्धत लावली. खटला वर्षानुवर्षे चालण्याची वाट तेथे पाहावी लागत नाही. जपानने २००२ मध्ये श्वासाची मर्यादा खाली आणली, जी रक्तात सुमारे ३० मिलिग्रॅम होते, आणि २००६ साली फुकुओकात तीन लहान मुलांचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर २००७ मध्ये मद्य पुरवणारा, गाडी देणारा आणि जाणूनबुजून त्या गाडीत बसणारा यांनाही दंडनीय ठरवले. दक्षिण कोरियाही जून २०१९ पासून ३० वरच आहे. भारताचा आकडा या दोन देशांइतकाच कडक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे भारतात कायदा सैल आहे अशी तक्रार करणे योग्य होणार नाही. नोकरी-शिक्षणासाठी न्यू जर्सी किंवा लंडनला गेलेल्या मराठी तरुणाला तेथे ८० चा आकडा मोकळा वाटेल. पण अमेरिकेत पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, हे त्याने ध्यानात ठेवलेले बरे.

भारतात हा आकडा सर्व राज्यांत एक असण्याचे कारण राज्यघटनेत आहे. मादक पेयांचा विषय राज्यसूचीत आहे, म्हणून महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवाना लागतो आणि गोव्यात लागत नाही, गुजरातेत दारूबंदी आहे आणि दमणला नाही; यंत्रचलित वाहने मात्र समवर्ती सूचीत असल्याने संसदेचा मोटार वाहन कायदा सर्वत्र लागू होतो, आणि पत्रादेवीच्या नाक्यावर गोव्याची हद्द संपून सिंधुदुर्ग सुरू झाला तरी चालकाची मर्यादा बदलत नाही. १९८८ च्या या कायद्याच्या कलम १८५ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅम हा आकडा आला. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपये केला (सहा महिन्यांपर्यंतचा कारावास पूर्वीपासून होताच), आणि श्वासयंत्राखेरीज प्रयोगशाळेच्या चाचणीलाही मान्यता दिली.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध मात्र १९९४ च्या किती तरी आधीचा आहे. १९५१ साली मुंबईच्या कुलाबा भागात एका जीपची धडक बसून माणसे जखमी झाली, चालकाच्या तोंडाला दारूचा वास होता, आणि त्याच्यावर निष्काळजीपणाबरोबरच मुंबई दारूबंदी कायद्याखालीही खटला भरण्यात आला. आपण मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, असा त्याचा बचाव होता. औषधी द्रव्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने बाल्सरा प्रकरणात त्याच वर्षी रद्द ठरवली होती, त्यामुळे पोटात गेलेला मद्यार्क निषिद्ध प्रकारचाच होता हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. सरकारला हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. १९५९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून असे ठरवले की रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळल्यास तो औषधाचा होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची राहील. आणि वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे स्वतंत्र नियमही त्याच वर्षी केले. मोटार कायद्यात आकडा येण्याच्या पस्तीस वर्षे आधी या राज्यातील जिल्हा रुग्णालयांत रक्त घेणे, कुपी सीलबंद करणे आणि ती रासायनिक परीक्षकाकडे पाठवणे सुरू झाले होते. या परंपरेची आठवण महाराष्ट्रातही फारशी राहिलेली नाही.

त्या परंपरेचे दुबळे स्थानही लगेच उघडे पडले. एरंडोलच्या न्यायालयात सुरू होऊन १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका वाहनचालकाच्या खटल्यात वादाचा मोठा भाग आकड्याविषयी नव्हताच; रक्त काढल्यापासून परीक्षकाच्या हाती पडेपर्यंत कुपी कोठे आणि कोणाकडे होती, हा प्रश्न होता. १९७१ मध्ये महाराष्ट्रातीलच दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की वास, डळमळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर माणूस नशेत होता असे ठरवता येत नाही. म्हणजे मोजणी हवीच, आणि मोजणीवर विश्वास बसेल अशी साखळीही हवी. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना चिरडणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली तेव्हा हा अहवाल पुराव्यातील एक भक्कम दुवा होता. याउलट मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे दोन तरुण जीव गेले त्या प्रकरणात रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप तपास यंत्रणेने ठेवला. त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण एरंडोलच्या त्या खटल्यात साठ वर्षांपूर्वी विचारला गेलेला कुपीचा प्रश्न पुण्यासारख्या शहरात पुन्हा उभा राहावा, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

ही साखळी कशी असावी हे अज्ञात नाही. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, कारण तोच मद्यार्क नमुन्यात जाऊ शकतो. कुपीत सोडियम फ्लोराइड घालायचे, नाहीतर जंतूंमुळे रक्तातील साखर आंबून नमुन्यात मद्यार्क तयार होतो किंवा असलेला घटतो. वेळ मिनिटापर्यंत लिहायची, कारण ताशी १५ मिलिग्रॅम घटणाऱ्या प्रमाणात चार तासांचा उशीर म्हणजे ६० मिलिग्रॅमचा फरक. कायद्याचे कलम २०२ सांगते की पिऊन वाहन चालवल्याबद्दल अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावे लागते. ज्या तालुक्यात रात्री वैद्यकीय अधिकारी जागेवर नाही तेथे ही तरतूद पाळणे अवघड होते, आणि मर्यादा ३० असो वा २०, आरोपी सुटतो. शिवाय प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वायुरूप केलेल्या नमुन्यातील घटक लांब नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात त्यावरून ते ओळखण्याची व मोजण्याची पद्धत, कितीही अचूक असली तरी कुपी कोणाच्या रक्ताची हे ती सांगू शकत नाही.

भारतात पिऊन वाहन चालवल्याने किती माणसे मरतात, हा प्रश्न या सर्वांहून अवघड आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत आणि मद्य वा अमली पदार्थांचे सेवन हे कारण त्यांतील अडीच टक्क्यांच्या आसपास मृत्यूंना दिलेले आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ८० किंवा अधिक प्रमाण असलेला चालक गुंतलेला होता असे मृत्यू ३२ टक्के होते. भारतीय चालक इतके अधिक संयमी आहेत असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे होईल. अमेरिकेतील आकडा मृत चालकांच्या रक्तचाचण्यांवर, आणि जेथे चाचणी नाही तेथे सांख्यिकी अंदाजावर, उभा आहे. भारतातील आकडा मुख्यतः पोलिसांनी नोंदवलेल्या कारणांवर. भारतात ‘अतिवेग’ या एका रकान्यात किती दारू लपलेली आहे हे तपासण्याचा मार्ग म्हणजे अपघातात मृत्यू पावलेल्या प्रत्येक चालकाच्या शवविच्छेदनात मद्यार्काची चाचणी सक्तीची करणे आणि तिचा निकाल अपघाताच्या नोंदीशी जोडणे हा होय.

ही नोंद आणखी एका कारणासाठी हवी. ग्रँड रॅपिड्सची आणि तिच्यानंतरची धोक्याची रेषा अमेरिकन चालकांवरून, आणि ते बहुतांशी मोटारीचे चालक असताना, काढलेली आहे. भारतात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा गट दुचाकीस्वारांचा आहे, आणि दुचाकी चालवण्यात तोल सांभाळण्याचे जे काम सतत चालते ते मोटारीत बसलेल्या माणसाला करावे लागत नाही. मद्यार्क तोलावर फार थोड्या प्रमाणातही परिणाम करतो. त्यामुळे साताऱ्याहून रात्री कराडकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला ३० मिलिग्रॅमवर किती धोका आहे, तो मोटारचालकाला ८० वर असतो त्याहून कमी की अधिक, आणि दुचाकीसाठी वेगळी, अधिक खालची मर्यादा असावी काय, या प्रश्नांची उत्तरे परदेशी आलेखांतून मिळणार नाहीत. ती महाराष्ट्रातील रुग्णालयांत, येथल्याच अपघातग्रस्तांच्या आणि त्याच रस्त्याने सुखरूप गेलेल्यांच्या चाचण्यांची तुलना करून काढावी लागतील.